चाचणीचा आराखडा करताना रुग्णांना काय विचारावे आणि कधी विचारावे

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागात सहायक प्राध्यापक आहात. मधुमेहामुळे पायाच्या तळव्याला झालेल्या जखमांवर एक नवे ड्रेसिंग नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा सरस ठरते का, हे तपासणारी चाचणी आपण आखत आहात. १२ आठवडे, दर आठवड्याला एक भेट आणि शेवटी जखमेचे क्षेत्रफळ किती टक्क्यांनी घटले याचे मोजमाप, असा आराखडा तयार आहे. एथिक्स कमिटीने (संशोधन नैतिक आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीने) ‘आराखड्यात रुग्णांचा सहभाग कसा घेतला?’ असे विचारल्यावर आपण वॉर्डातल्या पाच रुग्णांना संमतीपत्र वाचायला दिले, पाचही जणांनी ‘चांगले आहे’ म्हटले, आणि आता एवढे पुरेसे आहे का, असे आपण विचारता. सोबत आपल्या विभागप्रमुखांचे दोन आक्षेपही दिले आहेत: ज्यांना रँडमायझेशन (कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे) म्हणजे काय हे ठाऊक नाही ते आराखडा काय सुधारणार, आणि कमिटीवर सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी असताना हा वेगळा खटाटोप कशासाठी?

माझे उत्तर असे की एवढे पुरेसे नाही. यात आपला हेतू कमी पडला असे मी म्हणत नाही. वेळ चुकली आहे. संमतीपत्र हा आराखड्यातला शेवटचा कागद असतो. तो रुग्णाच्या हाती पडतो तोवर काय मोजायचे, किती वेळा बोलवायचे, कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे आणि तुलना कशाशी करायची हे सारे ठरून गेलेले असते. त्या टप्प्यावर रुग्ण फार तर एखादा शब्द कठीण आहे एवढे सांगू शकतो. त्यामुळे किती रुग्णांना विचारले याला मी फारसे महत्त्व देत नाही; विचारले तेव्हा कोणता निर्णय अजून बदलता येण्याजोगा होता, हे मी आधी पाहते. एकही निर्णय बदलता येण्याजोगा नसेल, तर रुग्णांचा वेळ घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मी क्लिनिकल फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांचा माणसांवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या शाखेत, काम करते, गेली २२ वर्षे चाचण्यांचे आराखडे लिहिते आहे आणि त्यातली बरीच वर्षे एथिक्स कमिटीवरही आहे. तरीही पुढचे सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. परदेशी कंपनीची बहुराष्ट्रीय चाचणी असेल तर आराखडा दुसरीकडे गोठवलेला असतो आणि आपल्या केंद्रावर फार तर भेटींच्या वेळा, प्रवासखर्च आणि माहितीपत्रकाची भाषा एवढेच हाती उरते. एमडी-एमएसचा प्रबंध असेल तर वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असतात. निरोगी स्वयंसेवकांवर औषधाचे रक्तातले प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासात रुग्णाने सांगण्यासारखे फार थोडे असते. आपली चाचणी मात्र आपणच आखलेली आहे, आजार महिनोन्‌महिने रेंगाळणारा आहे आणि उपचाराचा मोठा भाग रुग्णाच्या घरी घडणार आहे. रुग्णांना विचारण्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो अशाच चाचणीत.

सुरुवात ‘काय मोजायचे’ इथून करू, कारण तिथली चूक मागाहून दुरुस्त होत नाही. आपण क्षेत्रफळातील घट निवडली आहे. ती मोजायला सोपी आहे, आकड्यांत फरक लवकर दिसतो आणि कमी रुग्णांत काम भागते. पण जखम ७० टक्क्यांनी भरली याचा रुग्णाच्या दिवसावर काय परिणाम होतो? ड्रेसिंग चालूच असते, पाऊल टेकवायचे नसतेच, कामावर जाता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये जखमांच्या चाचण्यांसाठी जे मार्गदर्शन काढले, त्यात पूर्ण भरलेली जखम म्हणजे त्वचा पूर्ण आलेली, स्राव नसलेली, ड्रेसिंगची गरज नसलेली, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने सलग दोन भेटींत तशीच आढळलेली जखम, अशी व्याख्या आहे. ही व्याख्या कडक आहे, पण रुग्णाच्या भाषेच्या ती फार जवळ आहे. माझ्या अनुभवात या आजाराचे रुग्ण तीन गोष्टी पुन्हापुन्हा सांगतात: पाय कापावा लागू नये, पट्टी सुटावी आणि वास थांबावा. वासाचा उल्लेख माझ्या एकाही पहिल्या मसुद्यात नव्हता. एका काकूंनी सांगितले की जखमेला वास येऊ लागल्यापासून त्यांनी नातवाला जवळ घेणे सोडले आहे आणि हळदीकुंकवालाही त्या जात नाहीत. त्यानंतर आम्ही वासाची साधी चार पायऱ्यांची नोंद दुय्यम मोजमापांत घेतली. तिला खर्च शून्य होता.

आपणच काही वेगळे करतो आहोत असे वाटू नये म्हणून संधिवाताचे उदाहरण देते. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजावे हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट १९९२ पासून काम करतो. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्तातली दाहाची मात्रा अशी त्यांची यादी तयार होती आणि ती तज्ज्ञांनीच केली होती. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या बैठकीला प्रथमच रुग्ण बरोबरीने बसले, आणि त्यांनी सांगितले की आपल्याला सर्वांत जेरीस आणतो तो थकवा, आणि तो या यादीत कुठेच नाही. पुढच्या काही वर्षांत मोजमापाची साधने तपासली गेली आणि संधिवाताच्या चाचण्यांत थकवाही मोजावा अशी शिफारस त्याच गटाने केली. त्या रुग्णांना संख्याशास्त्र येत नव्हते. ते काम तज्ज्ञांनीच केले; कोणत्या गोष्टीवर करायचे, ते रुग्णांनी दाखवले.

क्षयरोगाचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. बहुऔषधप्रतिरोधक क्षयरोगाच्या उपचारात कानामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने दिली जात आणि त्यांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. उपचाराच्या नोंदवहीत मात्र थुंकीत जंतू सापडेनासे झाले की रुग्ण ‘बरा’ ठरतो. तो बहिरा होऊन बरा झाला हे त्या रकान्यात दिसत नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयरोगाच्या उपचारातच गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी बेडाक्विलिन या तोंडावाटे घ्यायच्या औषधावरच्या वाढीव पेटंटला भारतात विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शने जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारशीतून काढलीच होती. पण हानीची ही मोजणी चाचण्यांच्या मुख्य रकान्यात आधीपासून असती, तर किती कान वाचले असते हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून कोणताही आराखडा हाती आला की मी आधी पाहते ते हे की ‘यशस्वी’ म्हणून मोजला जाणारा माणूस स्वतःला यशस्वी म्हणेल का.

आता भेटींकडे येऊ. विभागप्रमुखांना पटवायचे असेल तर त्यांच्याशी याच मुद्द्यावर आकड्यांत बोला. समजा, विश्लेषणासाठी आपल्याला १६० रुग्ण पूर्ण हवे आहेत. १० टक्के रुग्ण मध्येच सोडून जातील असे धरले तर १७८ जणांची नोंदणी करावी लागते, २० टक्के धरले तर २०० आणि ३० टक्के धरले तर २२९. म्हणजे गळती १० वरून ३० टक्क्यांवर गेली की ५१ रुग्ण जास्त शोधावे लागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते कित्येक महिन्यांचे काम आहे. त्याहून वाईट गोष्ट अशी की सोडून जाणारे रुग्ण सरसकट एकसारखे नसतात. ज्याची जखम भरली तो ‘आता कशाला यायचे’ म्हणून थांबतो, आणि ज्याची चिघळली तो खासगी दवाखान्यात जातो. मधली माणसे तेवढी आपल्याकडे उरतात, आणि कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ असला तरी ही विकृती पुरती धुऊन काढू शकत नाही. त्यामुळे भेटींचे वेळापत्रक हा रुग्णाच्या सोयीचा विषय असला, तरी तो तितकाच चाचणीच्या खरेपणाचाही विषय आहे.

बाराही भेटींत रुग्णालयात यायला हवे का, हे आधी आपणच स्वतःला विचारा आणि मग रुग्णांना. पायाला जखम असलेला माणूस एकटा येत नाही. त्याच्याबरोबर मुलगा किंवा सून येते आणि दोघांचा रोज बुडतो. एसटी तालुक्याच्या गावी बदलायची, बसस्थानकापासून रुग्णालयापर्यंत रिक्षा करायची, केसपेपर काढायचा, आणि तोवर ओपीडीची वेळ संपत आलेली असते. एका चाचणीत आम्ही रुग्णांशी बोलून दर दोन आठवड्यांची भेट रुग्णालयात ठेवली आणि मधल्या आठवड्यातले ड्रेसिंग जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करायचे ठरवले. त्यासाठी तिथल्या परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे लागले आणि छायाचित्र कसे घ्यायचे हे लिहून द्यावे लागले. हे काम सोपे नव्हते, आणि दोन केंद्रांवर ते जमलेही नाही. तरीही ठरलेली मोजमापे हाती येण्याचे प्रमाण सुधारले. याच्या उलट, जखम भरली हे ठरवणाऱ्या दोन आठवड्यांच्या अंतराच्या दोन भेटींवर आम्ही तडजोड केली नाही. रुग्णांनी त्यातली एक काढा असे सुचवले होते. त्या दोन भेटी का लागतात, एकदा भरलेली दिसणारी जखम पुन्हा कशी उघडते, हे समजावून सांगितल्यावर त्यांनीच दुसरा उपाय सुचवला की दुसऱ्या भेटीला मधुमेहाची नेहमीची तपासणी आणि गोळ्या त्याच दिवशी द्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. ही कल्पना आम्हाला सुचायला हवी होती, पण आम्ही त्या रांगेत कधी उभे राहिलो नव्हतो.

आपल्या आराखड्यात मला सर्वांत जास्त खटकले ते मात्र वेगळेच आहे. तळव्याच्या जखमेवर कोणतेही ड्रेसिंग लावा, त्या पायावर भार पडत राहिला तर ती भरत नाही. म्हणून अशा जखमांसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे भार कमी करणारे साधन किंवा तसा प्लास्टर हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिला पर्याय मानला जातो. आपण लिहिले आहे की ‘दोन्ही गटांना पायावर भार न देण्याचा सल्ला दिला जाईल’. हा सल्ला पाळला जाणार नाही, आणि त्यात रुग्णाचा दोष नाही. जूनमध्ये पेरणी असते, गोठ्यात शेण असते, अंगणात चिखल असतो, आणि संवेदना गेलेल्या पायाला दुखत नाही, त्यामुळे थांबायला शरीरही सांगत नाही. काढता येणारे साधन दिले तर ते घातले जात नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या दिवसभराच्या हालचालींपैकी जेमतेम २८ टक्के हालचाल ते साधन पायात असताना झालेली आढळली, आणि ते रुग्ण शेतात राबणारे नव्हते. आता विचार करा की एका गटातले लोक योगायोगाने जास्त चालले आणि दुसऱ्यातले कमी. आपण मोजणार ड्रेसिंग, आणि उत्तर येणार चालण्याचे.

हा प्रश्न कागदावर सुटत नाही, कारण कोणाला घरात कोणते काम टाळता येते हे फक्त त्या घरालाच ठाऊक असते. प्लास्टर घातल्यावर मोटारसायकल चालवता येत नाही, मग दूध डेअरीला कोण नेणार? बसून करण्याचे शौचालय घरात आहे का? पावसाळ्यात प्लास्टर भिजले तर ते बदलायला किती तासांत पोहोचता येईल? माझा सल्ला असा की भार कमी करण्याची पद्धत दोन्ही गटांत एकसारखी ठेवा, ती कोणती असावी हे रुग्णांशी बोलून ठरवा, आणि ती किती पाळली गेली हे प्रामाणिकपणे मोजा. रक्तपुरवठा अपुरा असलेल्या किंवा संसर्ग चिघळलेल्या पायाला न काढता येणारे प्लास्टर चालत नाही, हा वैद्यकीय निर्णय मात्र आपलाच आहे आणि तो मतांवर सोडता येत नाही.

इथवरच्या बोलण्यातून दोन वाटण्या हाती लागतात. काय मोजावे, ते कोणत्या किमतीला मोजावे आणि कोणती गोष्ट घरी प्रत्यक्षात घडेल, यांत रुग्णांचे ज्ञान आपल्यापेक्षा जास्त आहे. कोणाला कोणता उपचार मिळतो आहे ही गटवाटणी कशी लपवायची, किती रुग्ण लागतात, कोणासाठी उपचार धोक्याचा आहे, यांत आपले ज्ञान जास्त आहे. विभागप्रमुखांचा पहिला आक्षेप दुसऱ्या वाटणीपुरता बरोबर आहे. पहिलीला तो लागू पडत नाही.

आणि पहिली वाटणी दुर्लक्षिली तर काय होते, हे एड्सच्या चाचण्यांनी जगाला दाखवून दिले आहे. अमेरिकेत एझेडटी या औषधाची पहिली मोठी प्लासिबो-तुलना (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलशी तुलना) चाचणी १९८६ मध्ये झाली. त्यात आपल्याला खरे औषध मिळते आहे की पोकळ कॅप्सूल, हे कळावे म्हणून काही रुग्णांनी कॅप्सूल तपासून घेतल्या, काहींनी त्या आपसांत वाटून घेतल्या. मरणाच्या दारात उभ्या माणसाने असे करणे स्वाभाविक होते. पुढे याच रुग्णांच्या संघटनांनी चाचण्यांचे बारकावे अभ्यासले, मृत्यूंची मोजणी हेच एकमेव मोजमाप असू नये आणि न्यूमोनिया टाळणारी औषधे चाचणीत असताना बंद करायला लावू नयेत, असे मुद्दे मांडले, आणि संशोधकांना ते मान्य करावे लागले. त्याच आजाराची दुसरी बाजू कंबोडियाची आहे. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी टेनोफोव्हिर हे औषध उपयोगी पडते का, हे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये तपासण्याची योजना होती. चाचणीमुळे काही अपाय झाला तर पुढे दीर्घकाळ उपचार कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही. २००४ मध्ये तिथल्या सरकारने चाचणी सुरू होण्याआधीच थांबवली. ज्या औषधगटाची ही चाचणी होती, तो लागण रोखतो हे नंतर इतर देशांतल्या चाचण्यांत सिद्ध झाले. ज्या स्त्रियांना त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्या देशात तो अभ्यास झालाच नाही. या प्रसंगांनंतर, २००७ मध्ये, एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्यांत समाजाचा सहभाग कसा घ्यावा याची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने आणि अ‍ॅव्हॅक या संस्थेने प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रात याचे माझ्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आदिवासींना दवाखाना कसा हवा हे विचारले, आणि मोठ्या इमारतीची भीती वाटते हे ऐकून रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर, नातेवाईक सोबत राहू शकतील असे बांधले व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. त्याच संस्थेची घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची क्षेत्रीय चाचणी १९९३ ते १९९८ या काळात झाली. ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि ४७ गावांशी तुलना केली गेली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. बहुतांश बाळंतपणे घरी होतात आणि आजारी बाळालाही रुग्णालयात नेले जात नाही, हे वास्तव धरूनच तो आराखडा उभा होता. ‘बाळाला रुग्णालयात आणा’ असा सल्ला देऊन चाचणी आखली असती, तर ती आपल्या ‘भार देऊ नका’ या वाक्यासारखीच कागदावर राहिली असती.

आता विचारायचे कसे, हे सांगते, कारण आपल्या पाच ‘चांगले आहे’चे मूळ तिथे आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘चालेल का?’ विचारले की उत्तर ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब’ असेच येते. ज्याच्या हातात आपला पाय आहे त्याला कोणी नाही म्हणत नाही. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरने विचारू नये. समाजसेवा अधीक्षक किंवा दुसऱ्या विभागातली व्यक्ती बसवावी. जागा वॉर्ड किंवा ओपीडी नसावी. ज्यांचा उपचार संपला आहे असे लोक निवडावेत, म्हणजे त्यांना आपल्याकडून काही मिळवायचे नसते आणि ते चाचणीत सहभागीही होणार नसतात. पाय गमावलेली एक तरी व्यक्ती असावी. सोबत येणाऱ्या नातेवाईकांना वेगळे भेटावे, आणि स्त्रियांचा गट वेगळा असावा, कारण सासऱ्यांसमोर सून तिचा रोज बुडतो हे बोलणार नाही. सहा ते आठ जणांचे दोन-तीन गट मला बहुधा पुरतात. तिसऱ्या गटात नवे काही निघेनासे झाले की थांबावे.

मत विचारण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारा. ‘दर आठवड्याला येणे जमेल का?’ याचे उत्तर निरुपयोगी असते. ‘मागच्या वेळी आलात तेव्हा घरून किती वाजता निघालात, सोबत कोण होते, त्या दिवशी जनावरांना पाणी कोणी पाजले, किती पैसे गेले, घरी किती वाजता पोहोचलात?’ याचे उत्तर सोन्यासारखे असते. आराखड्यात दोन पर्याय असतील तर दोन्ही समोर ठेवा आणि निवडायला सांगा, कारण निवड करताना माणूस कारण सांगतो. ‘यादृच्छिक’ हा शब्द मी संमतीपत्रातून काढून टाकला आहे. चिठ्ठी टाकून गट ठरेल असे म्हटले की प्रत्येकाला कळते. पण एकदा एका आजोबांनी विचारले, ‘चांगली चिठ्ठी कोणती?’ तेव्हापासून त्यापुढे आम्ही एक वाक्य जोडतो: कोणती चिठ्ठी चांगली हे आम्हालाही ठाऊक नाही, म्हणूनच हा अभ्यास करत आहोत.

आलेल्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनातील सहभागींच्या खर्चाची आणि वेळेची भरपाई मान्य केलेली आहे, आणि सल्ला देणाऱ्यांनाही तोच न्याय लावावा. चहा-नाश्त्यावर तीन तास घेणे मला पटत नाही. त्यांच्या सूचनांचे काय झाले, हे नंतर त्यांना कळवावे; ज्या नाकारल्या त्यांचे कारणही सांगावे. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः यात चुकले आहे. छापून झालेल्या रोजनिशीवर आम्ही रुग्णांचे मत घेतले. त्यांनी ती रात्री भरणे का अशक्य आहे हे नीट समजावले, आम्ही आभार मानले आणि तीच रोजनिशी वापरली. निम्म्याहून अधिक पाने भेटीच्या दिवशी, ओपीडीच्या बाकावर, एकाच पेनने भरून आली. त्यातल्या एका बाईंनी मला पुढे सरळ विचारले, ‘मग आम्हाला बोलावलं कशाला होतं?’ मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल थोडक्यात सांगते. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. पण तो सदस्य तयार आराखडा तपासतो आणि सर्वच आजारांचे आराखडे तपासतो. त्याच्या पायाला जखम असतेच असे नाही. त्याचे काम राखणदाराचे आहे आणि ते महत्त्वाचे आहे, पण घर कसे बांधायचे हे राखणदाराला विचारत नाहीत. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या सुधारणेतही संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर सहभागींशी व त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा असे म्हटले आहे, आणि तो संवाद कमिटीने नव्हे, संशोधकाने करायचा आहे.

आपल्या चाचणीची नोंदणी अजून सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, झालेली नाही, असे आपण लिहिले आहे. ही मोठी सोय आहे. एकदा नोंदणी आणि मंजुरी झाली की मुख्य मोजमाप बदलणे हे संशयास्पद दिसते आणि दिसायलाही हवे. आता तीन-चार आठवडे थांबा. कमिटीला प्रामाणिकपणे कळवा की संमतीपत्र वाचून घेणे हा सहभाग नव्हता आणि आपण आराखड्यावर रुग्णांशी बोलून सुधारित मसुदा देणार आहात. कोणतीही समंजस कमिटी याला हरकत घेणार नाही. गटांपुढे चारच निर्णय ठेवा: मुख्य मोजमाप पूर्ण भरलेली जखम असावे का, कोणत्या भेटी रुग्णालयात आणि कोणत्या आरोग्य केंद्रात, भार कमी करण्याची कोणती पद्धत, आणि चाचणी संपल्यावर नवे ड्रेसिंग उपयोगी ठरले तर ते मिळणार का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तयार नसेल तर आधी पुरवठादाराशी बोला. मुख्य मोजमाप बदलल्यास रुग्णसंख्येचे गणित नव्याने करावे लागेल आणि ती बहुधा वाढेल, याची विभागप्रमुखांना आधीच कल्पना द्या. प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) याच्या नोंदीला अर्धे पान पुरते: कोणाशी, कधी, कोणी बोलले, काय सुचवले गेले, काय स्वीकारले, काय नाकारले आणि का.

त्या पाच जणांनाही पुन्हा भेटा, संमतीपत्र बाजूला ठेवून. आणि नोंदणी सुरू करण्याची तारीख पक्की करण्याआधी त्यांना एवढे विचारा की सोयाबीनची काढणी त्यांच्या गावात कधी असते, आणि त्या पंधरा दिवसांत रुग्णालयापर्यंत त्यांना कोण घेऊन येणार आहे.